लेकरू जेवत नाही आन दिवसभर चिडते? आधी भूक दुरुस्त करा, मंग भाजी

गावात कोणत्याही मायला लेकराबद्दल विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं, "काही खातच नाही वो हे पोट्टं." आन दुसरं, "चिडते किती, काही विचारू नका." या दोन तक्रारी आपल्याला वेगवेगळ्या वाटतात पण बरेचदा त्या एकाच गोष्टीच्या असतात. म्हणून इथं मी पराठ्यात भाजी कशी लपवायची असल्या रेसिप्या सांगणार नाही, त्या युट्यूबवर ढिगानं पडल्या आहेत आन त्यातल्या अर्ध्यात ब्रोकोली अन चीज टाकतात जे आपल्या आठवडी बाजारात कधी दिसत नाही. आपल्या घरात ज्वारी आहे, तूर आहे, अंबाडी आहे, घरी आजी आहे आन माय वावरात गेली आहे, ते धरूनच बोलू.

पहिलं काम, एक दिवस लेकराच्या पोटात सकाळपासून काय काय गेलं ते कागदावर लिहून काढा. ताटातलं नाही, ताटाबाहेरचं. साधारण असं निघते: उठल्याबरोबर आजीच्या बशीतला चहा अन त्यात बुडवलेले दोन टोस्ट, मंग माय कापूस वेचायला निघाली की मागं लागून रडू नये म्हणून हातात पाच रुपये, त्याचा दुकानातून पुडा, मंग शेजारच्या काकूकडे साखर लावलेली अर्धी पोळी, अकरा वाजता बिस्किट, आबा पारावरून आले की त्यांच्या चहातला दोन घोट, आन एक वाजता समोर वरण-भात-भाजीचं ताट. आता सांगा, कोण जेवन? ते लेकरू खात नाही असं नाही, ते सकाळपासून थोडं थोडं खाऊनच राहिलं, फक्त जेवणाच्या वेळी त्याला भूक नाही. तीन वर्षाच्या लेकराचं पोट केवढं असते, पाच रुपयाच्या पुड्यातल्या तेला-मीठा-मैद्यानं ते भरून जाते आन अंगाला त्यातून काहीच लागत नाही.

यात आजीला दोष देऊ नका. वेचणीच्या दिवसात सकाळी आठला घर रिकामं होते, साठीची बाई एकटी रडतं लेकरू सांभाळते, गाई-वासरं पाहते, तिला पुड्याशिवाय दुसरं काय सुचन. म्हणून नियम तिच्या सोयीचे पाहिजेत. घरातून निघायच्या आधी डब्यात काय ठेवलं ते तिला दाखवून जा, दुपारी तिनं चूल पेटवावी लागू नये असं ठेवा.

वेळा बांधा

दोन ते सहा वर्षाच्या लेकराला दिवसातून तीन जेवणं अन मधात दोन लहान खाणी पुरतात, दोघांच्या मधात अडीच-तीन तासाची गॅप. गॅपमध्ये फक्त पाणी. दूध पण नाही, हो, दूध पण नाही, कारण दूध हे खाणंच आहे, ते पाणी समजून पाजू नये. लेकरू जेवत नाही म्हणून बाटलीनं लिटर-लिटर दूध पाजणारे घर आहेत, त्या दुधानं पोट भरते, भूक मरते आन दुधात लोह जवळपास नसते म्हणून गोरंगोमटं गुबगुबीत लेकरू पण रक्तानं कमी निघते. वर्षाच्या वर गेलं की दिवसाचं अर्धा लिटरच्या आत ठेवा, आन कपानं द्या.

शेतीच्या घरात हे असं बसते: सकाळी साडेसात-आठला मायसोबतच भाकर, ती स्वतः जेवून निघते तेव्हाच. साडेदहाला काहीतरी लहान, केळ, जांब (पेरू), उकडलेलं अंडं, गूळ-दाण्याचा लाडू. एक-दीडला जेवण. चारला मुरमुरे नाहीतर हिवाळ्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. साडेसातला रात्रीचं. घड्याळ लावून बसायची गरज नाही, अर्धा तास इकडे तिकडे झाला तर काही बिघडत नाही, पण मधातली कपाटं बंद पाहिजेत.

पाच वर्षाच्या आतल्या लेकराला अख्खे शेंगदाणे अन फुटाणे देऊ नका, ते श्वासनळीत अडकतात आन तालुक्याला नेईपर्यंत वेळ राहत नाही. कूट करा, लाडू करा, फुटाण्याचं पीठ गुळात कालवा. आन खेळता-खेळता, पळता-पळता तोंडात काही देऊच नका.

पहिले तीन-चार दिवस बोंब होईल, हे आधीच सांगतो. दुकानाच्या दिशेनं हात दाखवून लेकरू अंगणात लोळन, आन नेमकी तेव्हाच शेजारीण म्हणन, "काहून रडवून राहिले वो लेकराले, पाच रुपयानं काय होते." इथं हरलं की संपलं, कारण लेकराला कळते की अर्धा तास लोळलं की पुडा भेटते, मंग उद्या ते तेवढंच लोळन. दुकानदार गावातलाच असते, त्याला सांगून ठेवा की हा एकटा आला तर देऊ नको. आन खाऊ पूर्ण बंद करायचा नाही, बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी खुशाल द्या, कोणतीही अट न घालता.

ताटासमोर कोणी काय करायचं

एलिन सॅटर म्हणून अमेरिकेतल्या एक आहारतज्ञ आहेत, त्यांनी एक वाटणी सांगितली जी जगभर लेकरांचे डॉक्टर सांगतात: काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठं बसून द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, आन खायचं का आन किती खायचं हे लेकरानं ठरवायचं. ऐकायला सोपं आहे, करायला लय जड, कारण आपल्याकडे दोघंही एकमेकांचं काम करून राहिले. लेकरू ठरवते की आज मॅगी, आन आपण ठरवतो की अजून चार घास.

म्हणजे प्रत्यक्षात कसं, तर सगळ्यांच्या सोबत खाली बसवा, टीव्ही-मोबाईल बंद, ताटात घरातलंच सगळं थोडं थोडं वाढा, पण त्यात एक गोष्ट अशी ठेवा जी ते नक्की खाते, साधा वरण-भात म्हणा किंवा भाकर-दूध. वाढताना लेकराच्या वयाएवढे मोठे चमचे धरा, तीन वर्षाचं असल तर प्रत्येकाचे तीन चमचे, पुरे झाले, लागलं तर मागन. आपण त्याला मोठ्या माणसाएवढा भात वाढतो आन मंग उरला म्हणून ओरडतो. मंग आपण आपलं जेवायचं. त्याच्या ताटाकडे पाहायचं नाही. "नको," म्हणालं तर, "बरं, राहू दे ताटात," एवढंच. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचला, चेहरा पाडू नका, भाषण देऊ नका, आन त्याच्या जागी दुसरं काही करून देऊ नका. पुढचं खाणं तीन तासानं येणारच आहे, चांगलं वाढणारं लेकरू तेवढ्यानं वाळत नाही.

"दोन घास भाजी खाल्ली तर चॉकलेट देतो," हे तर आजच बंद करा. ह्याच्यावर अभ्यास झालेले आहेत, असं केलं की लेकराला चॉकलेट अजून आवडाले लागते आन भाजी अजून नावडती होते. नाक दाबून, मांडीत धरून भरवणं तर त्याहून वाईट, तसं भरवलेलं लेकरू नुसता चमचा दिसला तरी तोंड फिरवते.

आन एक हिशोब डोक्यात ठेवा. पहिल्या वर्षात लेकराचं वजन जन्माच्या तिप्पट होते, दुसऱ्या वर्षात फक्त दोन-अडीच किलो वाढते. वाढायचा स्पीडच कमी झाला तर भूक कमी होणारच, त्यात काही बिमारी नाही, नजर नाही. (मीठ-मोहरी ओवाळायची तर ओवाळा, त्यानं काही नुकसान नाही.) त्यातच दोन ते सहा वर्षात नव्या पदार्थाला भिणं हे जवळपास सगळ्याच लेकरात येते. एका जेवणावरून ठरवू नका, आठवड्याचं मिळून पाहा.

शाळेतल्या लेकराचं अजून वेगळं. पहिली ते पाचवीला शाळेतल्या पोषण आहारात ४५० कॅलरी अन १२ ग्रॅम प्रोटीन ठरलेलं आहे, ते खाऊन आलेलं पोट्टं घरी येऊन भात नाही म्हणते तर ते नखरे नाही. आधी विचारा शाळेत काय होतं.

तिखटाचं पाहा

हे आपल्या विदर्भाचं खास. आपण म्हणतो पोरगं भाजी खात नाही, पण ती भाजी एकदा त्याच्या जिभेनं चाखून पाहा, लाल तर्री, वरून ठेचा. लेकरू भाजीला नाही म्हणत नाही, ते जाळाला नाही म्हणते. उपाय काही अवघड नाही, तिखट टाकायच्या आधी त्याचं वाटीभर बाजूला काढा. वांग्याचं भरीत करता ना, वांगं भाजून सोलून कुस्करलं की आधी एक डाव लेकराचा काढायचा, त्यात मीठ, थोडं कच्चं तेल, बारीक कांदा अन सांबार (कोथिंबीर), आन मंग आपल्यासाठी हिरव्या मिरच्या खुडायच्या. झुणक्याचं तसंच, पाटोडीचा रस्सा मात्र त्याला नको, नुसत्या पाटोड्या द्या.

अंबाडी मी विशेष सांगतो कारण ती लेकरांना आंबट म्हणून आवडू शकते आन आपण ती मोठ्यांची भाजी समजतो. तुरीची दाळ नाहीतर ज्वारीच्या कण्या टाकून लोखंडी कढईत शिजवा, आंबट भाजी लोखंडात शिजली की त्यातलं थोडं लोह भाजीत उतरते, फक्त शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा नाहीतर काळी पडते. वरून लसणाचं तेल, त्यातली लाल मिरची बाजूला करून. सोबत तळहाताएवढी चानकी, गरम, तव्यावरून उतरलेली. मोठ्या भाकरीचा तुकडा तोडून दिला तर ते नको म्हणते, पण त्याच पिठाची अख्खी लहान भाकर त्याच्या नावाची केली की छाती फुगवून घेऊन बसते. पीठ थापाले त्यालाच बसवलं तर अजून चांगलं, पीठ सांडन, सांडू द्या.

नवी भाजी एकदा नाही खाल्ली म्हणून "ह्याला हे आवडत नाही" असा शिक्का मारू नका, विशेषतः त्याच्यासमोर पाहुण्यांना सांगू नका. नव्या चवीची सवय व्हाले आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते, आन समोर येणं म्हणजे खाणं नाही, पाहणं, हात लावणं, वास घेणं, चाटून थुंकणं हे सगळं मोजायचं. हरभऱ्याच्या दाण्याएवढी भाजी ताटाच्या कडेला, बस. दोन-तीन दिवस सोडून पुन्हा. रोज एकच भाजी समोर आणली तर तुम्हीपण कंटाळाल. भेंडी चिकट लागते तर कोरडी कुरकुरीत परता, पालक पानासारखा दिसते म्हणून नको असल तर दाळीत घोटा, पण आहे ते सांगा, लपवून नका देऊ, एकदा त्यानं पकडलं की मंग वरणावरूनही विश्वास उडते.

सोप्यात सोपं म्हणजे वावर. शेंगा तोडाले, सोले सोलाले, जांब झाडावरून उतरवाले न्या. ताटातला जो मटार दाताखालून काढून फेकते तेच लेकरू धुऱ्यावर बसून कच्चे सोले मुठीनं खाते. शहरातल्या लोकांना ह्याच्यासाठी पैसे देऊन फार्मवर जावं लागते.

आता चिडचिडीचं

चिडकं लेकरू दिसलं की आपण म्हणतो आगाऊ आहे, लाडानं बिघडलं, बापावर गेलं. जाऊ द्या, आधी चार गोष्टी पाहा.

एक, कधी चिडते. रोज अकरा-साडेअकराला नाहीतर संध्याकाळी सहाला ठरलेलं भांडण असल तर ती भूक आहे. नुसता चहा-टोस्ट खाल्लेल्या लेकराला तो दीड-दोन तास पुरते, मंग ते कोसळते. सकाळच्या खाण्यात प्रोटीन अन थोडं तेल-तूप टाका, म्हणजे भाकर-वरण, भाकर-अंडं, दाण्याचा कूट टाकलेला उपमा, दही-भाकर, मूग दाळीचा चिला. जवसाची चटणी असतेच घरात, बिनातिखटाची थोडी कुटून ठेवा.

दोन, पाणी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ४५ डिग्री जाते, त्या दिवसात मोठ्यांची पण भूक जाते तर लेकरांचं काय. दुपारचं जड जेवण सकाळी अन रात्री सरकवा, दुपारी ताक-भात, आंबील, पन्हं, टरबूज चालते. लघवी गडद पिवळी म्हणजे पाणी कमी. आन पाणी कमी पडलं की संडास घट्ट होते, घट्ट झाली की पोट फुगते, पोट फुगलं की जेवत नाही, आपण म्हणतो नखरे करते.

तीन, आन हे सगळ्यात मोठं, रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षाच्या ६८.९ टक्के लेकरात रक्त कमी निघालं, म्हणजे तीनातले दोन. लोह कमी असलं की लेकरू किरकिर करते, लवकर थकते, एका जागी ध्यान लागत नाही, भूक मरते, आन भूक मेली की लोह अजून कमी, असं ते चक्र चालते. माती खाते, भिंतीचे पोपडे काढून खाते, पाटीवरची लेखणी खाते, ह्याला मारून काही होत नाही, रक्त तपासा. दोन ते पाच वर्षाच्या लेकराचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी.

जेवणातून लोह द्यायचं तर हिरवी भाजी, दाळी, बरबटी (चवळी), तीळ, आळीव, आन खात असाल तर मटण, कलेजी, मासे, कारण मांसातलं लोह अंगाला सगळ्यात लवकर लागते. शाकाहारी घरात जेवणासोबत आंबट पाहिजेच, वरणावर लिंबू, आवळा, जांब, संत्र. आपण संत्र्याच्या पट्ट्यात राहतो आन लेकराला संत्र दिलं तर सर्दी होईल म्हणतो, कमाल आहे. संत्र्यानं सर्दी होत नाही. उलट चहा जेवणाच्या जवळ आला की लोह अंगाला लागू देत नाही, म्हणून लेकराचा चहा पूर्णच बंद करा, बशीतला पण.

चार, गोड अन रंग. "गोड खाल्लं की पोट्टं उधळते" असं सगळेच म्हणतात, पण १९९५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब लावला तर साखरेनं वागणूक बिघडते असं निघालं नाही. त्याच्या आदल्या वर्षीची एक गंमत आहे, काही मायांना खोटंच सांगितलं की तुमच्या लेकराला साखर दिली, दिली नव्हती, तरी त्यांना आपलं लेकरू जास्त उधळलेलं दिसलं. लग्नाच्या मांडवात पोट्टे उधळतात ते बुंदीनं नाही, जागरणानं अन डीजेनं. साखर कमी द्याच, दातासाठी अन भुकेसाठी, पण वागणुकीचं बिल तिच्यावर फाडू नका. रंगाचं थोडं वेगळं आहे. २००७ मध्ये इंग्लंडातल्या साऊथॅम्पटनला झालेल्या अभ्यासात काही खायचे रंग अन सोडियम बेंझोएट मिळून दिल्यावर लेकरांची चंचलता थोडी वाढलेली दिसली, सगळ्यांची नाही, पण युरोपात २०१० पासून असे रंग टाकलेल्या मालावर इशारा छापावा लागते. आपल्याकडे पुड्यामागे बारीक अक्षरात १०२, ११०, १२२, १२४ असे नंबर दिसले तर ते हेच रंग. यात्रेतल्या रंगीत गोळ्यावर तर नंबर पण नसते.

जंत, सिरप आन कधी दाखवायचं

गोड खाल्ल्यानं जंत होतात हे खोटं आहे. जंत मातीतून येतात, उघड्यावरच्या संडासातून, अनवाणी पायातून, न धुतलेल्या हातातून. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत, शाळेत १ ते १९ वर्षाच्या लेकरांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट भेटते, दोन वर्षाच्या आतल्याला अर्धी कुटून, दोन ते तीन वर्षाच्याला अख्खी पण कुटून, मोठ्याला चावून खायची. त्या दिवशी लेकरू मामाच्या गावाला असल तर आशाताईला सांगून नंतर घ्या.

सहा महिने ते पाच वर्षाच्या लेकराला आशाताईकडून लोहाचं सिरप भेटते, आठवड्यातून दोनदा एक-एक मिली, पाच ते नऊला आठवड्याला एक गुलाबी गोळी. संडास काळी होते, घाबरू नका. बाटली मात्र उंच फळीवर, झाकण घट्ट, कारण गोड लागते म्हणून लेकरानं अख्खी पिली तर जिवावर बेतते.

एक गोष्ट विदर्भातल्या मायबापांनी विसरूच नये, सिकलसेल, म्हणजे मायबापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यापासून मेळघाटापर्यंत हा आजार बऱ्याच घरात सापडते. लेकरू फिकं आहे, हातपाय सुजतात, सांधे दुखतात म्हणून रडते, डोळे पिवळे होतात, तर नुसतं "रक्त कमी आहे" म्हणून दुकानातून टॉनिक आणू नका. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, सिकलसेल निघाला तर लोहाची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू करायची नाही.

अंगणवाडीत महिन्याला वजन होते ते लिहून घ्या, दोन-तीन महिने वजन थांबलं किंवा उतरलं तर वाट पाहू नका. दंडाची पट्टी असते, सहा महिने ते पाच वर्षाच्या लेकराचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, तिथं घरचे उपाय नाही, पोषण पुनर्वसन केंद्र. आन काही लेकरं खरंच वेगळी असतात: पंधरा-वीसच पदार्थ खातात आन त्यातलेही कमी होत जातात, घट्ट काही तोंडात गेलं की उलटी काढतात, गिळताना ठसका लागते, किंवा खाण्यासोबतच बोलणं उशिरा आहे, नावानं हाक मारली तर पाहत नाही. त्यांना शिस्त लावायची नाही, बळजबरी तर बिलकुल नाही. शाळा-अंगणवाडीत आरोग्य तपासणीची गाडी येते त्या डॉक्टरला हे सगळं सांगा, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी देतात. तिथं जाताना अंगणवाडीचं वजनाचं कार्ड सोबत न्या, आन दिवसभर लेकरापाशी जे माणूस राहते, आजी असो की आत्या, त्यालाच घेऊन जा, कारण लेकरू काय खाते ते त्यालाच माहीत असते.